काजळी आणि कोंडवाड्याचं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं फाटक आहे. साधंसुधं नव्हे, कोंडवाड्याचं. आमच्या गावात कायद्याचं राज्य होतं ते माझ्यामुळे. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर माझ्या आत आलं की गुन्हेगार, आणि माझ्या बाहेर गेलं की निर्दोष. न्याय आणि बेबंदशाही यांच्यामध्ये मी एकटा उभा होतो. उभा म्हणजे सुतळीनं बांधलेला. कारण माझी लोखंडी कडी पहिल्याच महिन्यात चोरीला गेली.

तुमच्यापैकी काहींना कोंडवाडा ठाऊक नसेल. तो जनावरांचा तुरुंग असतो. एखाद्याची म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली की शेजारी तिला हाकत आणतो आणि तक्रार सांगतो. म्हैस आत जाते. मालक शिव्या देत येतो, दंड भरतो, म्हैस बाहेर येते. मुदतीत कुणी सोडवून नेलं नाही तर तिचा लिलाव होतो. म्हशीला यातलं काहीच कळत नाही, म्हणून सगळी शिक्षा तिला होते.

माझा जन्म निजामाचं राज्य गेल्यानंतरचा. आमचं गाव मुखेडच्या बाजाराला जवळ, पण जिल्ह्यानं उस्मानाबादला बांधलेलं. गावाला नवी ग्रामपंचायत मिळाली होती आणि पंचायतीला काहीतरी करून दाखवायचं होतं. शाळेला मास्तर नव्हता, दवाखान्याला इमारत नव्हती. कोंडवाड्याला मात्र पडक्या गढीचे दगड आयते मिळाले. चार भिंती उभ्या राहिल्या, आत एक दगडी हौद झाला, आणि संगप्पा सुताराला फाटक करायला सांगितलं.

ज्या बाभळीपासून मी झालो ती दोन भावांच्या सामाईक बांधावर होती. तिच्यावरून भावांचा वाद होता. वाद मिटेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही, असं पंचांनी ठरवलं. त्यानंतर एका सकाळी झाड तिथं नव्हतं. ते कुणी तोडलं हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी चौकशी केली नाही. तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याच्या मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी गावानं जे फाटक बसवलं ते चोरीच्या लाकडाचं होतं. मला याची लाज वाटत नाही. आपला बांध कुणाला निवडता येत नाही.

माझ्यावर पत्र्याची पाटी ठोकली: 'कोंडवाडा. परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई आहे.' मी पाहिलेल्या जनावरांपैकी एकानंही आत येण्याची परवानगी मागितली नव्हती. पुढे एकीनं मागितली. ती गोष्ट येईलच.

कोंडवाड्याची राखण दगडोबाकडे होती. दगडोबा पंचायतीचा शिपाई. अंगात खाकी सदरा, खाली धोतर. म्हणजे वरून सरकार आणि खालून गाव. त्याला बोलायची फार सवय. जनावरं आत असली तर तो त्यांच्याशी बोले, नसली तर माझ्याशी. गावातलं मला जे काही माहीत आहे ते त्याच्या तोंडून.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. सुगीत तर रोज कुणी ना कुणी आत असे. एकदा लक्ष्मीबाईची शेळी हरभऱ्यात सापडली. लक्ष्मीबाई कमरेला पदर खोचून आली आणि फाटकाबाहेरून ओरडली, "दगडू, माझ्या शेळीला चोर म्हणतूस व्हय रे?"

"मी न्हाई म्हणत, मावशी. कायदा म्हणतो."

"कुठं हाय तुझा कायदा? दाव मला."

दगडोबानं माझ्याकडे बोट दाखवलं. लक्ष्मीबाईनं मला वरून खाली बघितलं, सुतळी बघितली, आणि इतकी हसली की दंड भरायचा राग विसरली.

मी तो अपमान मनावर घेतला नाही. गाव मला मानत होतं. ज्याचं जनावर आत, तो मला लाथ घालून जाई. ज्याचं पीक वाचलं, तो माझ्या फळीवर हात टेकून विडी ओढी. यापेक्षा जास्त मान कायद्याला कुठंही मिळत नाही.

मग बहात्तर साल आलं.

आदल्या साली पाऊस कमी होता. त्या साली तो पेरणीपुरता आला, मग आलाच नाही. ज्वारी वीतभर वर आली, इकडे तिकडे बघितलं आणि वाळून गेली. काळी रानं भेगाळून पडली. आता दुसऱ्याच्या पिकात शिरायचं तर पीकच नव्हतं, त्यामुळे गावातले गुन्हे बंद झाले. ठाण्याच्या दृष्टीनं ते आमच्या गावाचं सर्वांत सज्जन वर्ष असावं. मी रिकामा उभा होतो. दगडोबा भिंतीच्या सावलीला बसून मला म्हणायचा, "फाटका, लोक लई सुधारले गड्या."

अशातच एक बैलगाडीभर कडबा आला. तालुक्याच्या कचेरीत आमचा कोंडवाडा नोंदलेला होता, आणि कोंडलेल्या जनावरांना चारापाणी देणं हा नियम होता. आत जनावर आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. कडबा भिंतीला रचला. पंचायतीचा माणूस नदीतल्या झऱ्यावरून पाणी आणून हौदात ओतू लागला. साऱ्या गावात चारा आणि पाणी दोन्ही असलेली एकच जागा उरली, आणि ती तुरुंगात होती.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते केवळाबाईच्या. केवळाबाई आणि तिचा नवरा शेषेराव वेशीबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहत. गायरानाच्या कडेचा एक खडकाळ तुकडा त्यांनी वाहीत आणला होता, आणि त्यांच्याकडे एक गाय होती. देवणी जातीची, पांढरी, दोन्ही डोळ्यांभोवती काळं. म्हणून तिचं नाव काजळी. ती गाभण होती. तिच्या बरगड्या माझ्या फळ्यांसारख्या मोजता येत होत्या. केवळाबाईला त्या साली एकच गोष्ट हवी होती: पाऊस पडेपर्यंत ही गाय जगावी.

एका सकाळी ती काजळीला घेऊन माझ्यासमोर आली.

"दगडूमामा, हिला आत घ्या."

"काहून? काय केलं हिनं?"

"काही न्हाई केलं."

"मग?"

"काही न्हाई केलं म्हणूनच मरून राहिली, मामा. घ्या की आत. तुमच्याकडं कडबा हाय."

दगडोबानं सदरा झटकला. "आगं माय, ह्यो कोंडवाडा हाय. सासुरवाडी न्हाई. गुन्हा लागतो हितं. कुणाच्या तरी पिकात शिराया पायजे."

"पीक दावा मला कुठं हाय ते. मी आत्ता घालते."

दगडोबाला पीक दाखवता येईना. तेवढ्यात नरसिंगराव पाण्याची टाकी गाडीवर घालून चालले होते. गावात सर्वांत जास्त जमीन त्यांची, आणि त्या साली सर्वांत जास्त ढेकळंही त्यांचीच. केवळाबाई त्यांच्या गाडीला आडवी झाली.

"मालक, माझी गाय तुमच्या रानात शिरली म्हणा."

"कवा शिरली?"

"तुमी म्हणाल तवा शिरंल."

नरसिंगरावांनी कासरा ओढला. "आन खाल्लं काय तिनं? माझ्या रानात हाय काय?"

"ढेकळं खाल्ली म्हणा."

नरसिंगराव हसले. दुष्काळात हसायची संधी कमी येत असे. त्यांनी गाईकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, आणि दगडोबाला म्हणाले, "घे रे आत. माझी ढेकळं तुडवली हिच्या गाईनं. लई नुकसान झालं म्हण."

मित्रांनो, नरसिंगराव वाईट माणूस नव्हते. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

काजळी आत आली आणि तिनं हौदात तोंड घातलं. बराच वेळ वर काढलं नाही. केवळाबाई बाहेर उभी राहून तिच्या गळ्यातून उतरणारा घोट न् घोट बघत होती. गावातल्या आडावर केवळाबाईला पोहरा टाकता येत नसे. कुणी वरून ओतेल तेव्हा तिची घागर भरे. कोंडवाड्याच्या हौदाला असा नियम नव्हता. तिथं सगळे गुन्हेगार सारखे होते.

गुन्हेगाराच्या मालकानं आत यायचं नाही, हा मात्र नियम होता. म्हणून केवळाबाई रोज खडी फोडायच्या कामावर जाताना माझ्या दोन फळ्यांमधून हात आत घाली. काजळी यायची आणि मान पुढे करायची. केवळाबाई तिच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवायची आणि काजळी माझ्या फळीवर मान घासायची. माझी ती फळी अजून गुळगुळीत आहे. संगप्पानं रंधा मारूनही ती तशी झाली नव्हती.

ही युक्ती गावात पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांत सगळं गाव एकमेकांवर तक्रारी करू लागलं, आणि तेही हात जोडून. "मारोतीदादा, तू माझा बैल धर, मी तुझी म्हैस धरतो." जन्माचे वैरी एकमेकांचा गुन्हा कबूल करायला हातात हात घालून आले. ज्यांच्या रानात कुसळ नव्हतं त्यांच्या रानाची नासधूस झाली. कोंडवाडा इतका भरला की जनावरांना बसायला जागा उरली नाही.

आणि एक दिवस जीप आली. तपासणीला आलेले साहेब खाली उतरले, त्यांनी माझ्यावरून आत डोकावलं आणि दगडोबाकडे कौतुकानं पाहिलं.

"वा! बाकीच्या गावांत कोंडवाडे ओस पडलेत. इथं कायद्याची अंमलबजावणी उत्तम दिसते."

दगडोबा ताठ उभा राहिला. मीही. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव सरकारी कौतुक. त्यानंतर साहेबांनी मुदतीचं विचारलं. मुदत बहुतेकांची उलटली होती. "मग लिलाव का नाही काढला? नियम आहे ना?" असं म्हणून ते जीपमध्ये बसले. सगळी मिळून दोन मिनिटं थांबले असतील. कौतुक आणि निकाल, दोन्ही त्यात उरकलं.

दवंडी पिटली गेली. इथं मला तुम्हाला एक रीत सांगायला हवी. पूर्वी गावात दवंडी द्यायचं काम केवळाबाईच्या सासऱ्याकडे होतं. मेलेली ढोरं ओढून न्यायचं कामही त्यांच्याच वस्तीकडे. छप्पन साली त्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला आणि ही कामं एका दिवसात सोडली. चांगलं केलं. पंचायतीनं मग दवंडीला दुसरा माणूस लावला. तो हलगी वाजवत चावडीवरून निघे, मारुतीच्या देवळावरून वेशीपर्यंत जाई आणि वेशीतून परत फिरे. वेशीबाहेर जा, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी सांगायची वेळच आली नव्हती. दवंडी देणारा वेशीबाहेरच राहत होता.

शिवाय तेव्हा वस्तीत कुणी नव्हतंच. खडीचं काम लांब, तलावाच्या भिंतीवर हललं होतं आणि केवळाबाई, शेषेराव, सगळी वस्ती तिथंच पाल ठोकून राहिली होती. केवळाबाई बाजारच्या दिवशी तेवढी यायची. लिलाव बाजारच्या आदल्या दिवशी होता.

दवंडी ऐकलेल्यांनी आपापली जनावरं सोडवून नेली. कुणी दंड भरला, कुणी दगडोबाचे पाय धरले. संध्याकाळी आत एकटी काजळी उरली. दगडोबानं तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. मग त्यानं माझी सुतळी सोडली.

"चल गं माय," तो म्हणाला. "निघ. तू पळालीस आसं सांगताव मी. सुतळी कुजकी होती म्हणताव. चल."

काजळी हलली नाही. दगडोबानं तिच्या पाठीवर थाप मारली, ढकललं, शेवटी दाव्याला धरून बाहेर काढलं आणि वेशीबाहेर केवळाबाईच्या झोपडीपर्यंत नेऊन सोडलं. झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. आत माणूस नाही, दारात काडी नाही, रांजणात थेंब नाही. परत येऊन दगडोबानं मला पुन्हा बांधलं आणि कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा मला समाधानी दिसला. सरकारी नोकरीत त्यानं मनानं केलेलं ते एकच काम.

सकाळी काजळी माझ्यासमोर उभी होती.

बाहेरच्या बाजूनं. मान माझ्या गुळगुळीत फळीवर टेकलेली. ती हंबरत नव्हती, धडका देत नव्हती. नुसती उभी होती, आत घ्या म्हणून. मित्रांनो, माझ्यावरच्या पाटीचा मान राखणारं ते पहिलं आणि शेवटचं जनावर. ती परवानगीची वाट बघत होती.

दगडोबा आला आणि त्यानं तिला बघितलं. "आगं येडे," तो म्हणाला, "तुला कळना का गं?" मग लिलावाला माणसं येताना दिसली. त्यानं डोळे पुसले आणि मला उघडलं.

लिलावात मुखेडच्या बाजाराला जनावरं नेणारा एक व्यापारी होता. त्यानं काजळीच्या हाडांकडे अशा नजरेनं बघितलं की दगडोबानं मान फिरवली. तेव्हा नरसिंगरावांनी बोली वाढवली. व्यापारी निघून गेला. दावं हातात घेत नरसिंगराव म्हणाले, "केवळीला सांग दगडोबा, भिऊ नको म्हणावं. माझ्याकडं पेंड हाय. पाऊस पडला की घेऊन जा म्हणावं तुझी गाय."

दुसऱ्या दिवशी केवळाबाई आली, फळ्यांतून हात घातला आणि आत कुणी आलं नाही. दगडोबानं सगळं सांगितलं. ती खूप वेळ हात तसाच आत ठेवून उभी होती. मग म्हणाली, "जगली तर हाय ना, मामा? बास."

गाय जगली. मृगात पाऊस आला. काजळी व्याली, कालवड झाली. केवळाबाई नरसिंगरावांच्या दारात गेली तेव्हा ते म्हणाले, "वासरू पीतंय आजून, जरा दमानं घे." दिवाळीनंतर गेली तेव्हा त्यांची बायको पार्वतीबाई पुढे झाली. "दूध चालू हाय, पोरांच्या तोंडचं काढू का?" नंतर गेली तेव्हा नरसिंगराव म्हणाले, "केवळे, गाय मी लिलावात घेतलेली हाय. सरकारी लिलावात. उगं मी चोरीबिरी केल्यासारखं काय येतीस सारखी?" ते रागावून बोलले नाहीत. त्यांना आता ते खरंच वाटत होतं. घरात दूध यायला लागलं की माणसाला कायदा नीट समजतो.

तरी केवळाबाईला राहवलं नाही. नरसिंगराव रानात गेले की ती गोठ्याशी जाऊन काजळीची पोळी खाजवून येई. पार्वतीबाईनं तिला बघितलं. मग नरसिंगराव दगडोबाकडे आले.

"ही बाई माझ्या गोठ्यात शिरती. आत घाल तिला."

"मालक, बाई कोंडायचा नियम न्हाई."

"मग ठाण्यात घालतो. दुसऱ्याच्या जागेत शिरणं गुन्हा हाय का न्हाई?"

"हाय की," दगडोबा म्हणाला. "त्याच्यावरच तर आपलं फाटक हाय."

केवळाबाईनं जाणं बंद केलं. शेषेरावानं तिला हात जोडून सांगितलं होतं. ठाण्यात गेलेली बाई वस्तीत परत आली तरी पूर्ण परत येत नाही, असं तो म्हणाला.

त्या साली तिनं गायरानाच्या तुकड्यात ज्वारी पेरली. ज्वारी हुरड्याला आली आणि एका दुपारी काजळी दावं तोडून थेट तिच्यात शिरली. गावात इतकी ज्वारी होती. तिनं नेमकी ती निवडली. केवळाबाईनं तिला मनसोक्त खाऊ दिलं. मग तिला हाकत माझ्यासमोर आणलं. मी तिला इतक्या आनंदात कधी बघितलं नव्हतं.

"मामा, घ्या आत! नरसिंगमालकाच्या गाईनं माझं पीक खाल्लं!"

दगडोबालाही हसू आवरेना. केवळाबाईला दंड नको होता, भरपाई नको होती. तिला ठाऊक होतं की कोंडवाड्यात असलेलं जनावर तेवढा वेळ कुणाचंच नसतं, आणि फळ्यांतून हात घालायला कुणाची मनाई नसते. दगडोबानं सुतळीला हात घातला.

पण ग्रामसेवक तेव्हा पंचायतीत होते. शिकलेले होते. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, पीक कुठलं? मग त्यांनी शांतपणे समजावलं. गायरान हे गाईंना चरण्यासाठी असतं. तिथं गाय चरली तर तो गुन्हा होत नाही. तिथं ज्वारी उगवली तर तो होतो. म्हणजे गाय ज्वारीत शिरलेली नसून ज्वारी गाईच्या जागेत शिरलेली आहे.

"आता बोला, कुणाला कोंडायचं?" ग्रामसेवकांनी विचारलं.

दगडोबानं सुतळीवरचा हात काढला. मी त्या दिवशी उघडलो नाही. नरसिंगरावांचा गडी येऊन काजळीला घेऊन गेला. वळणावर काजळी थांबली आणि तिनं मागं बघितलं. आमच्यापैकी कुणाकडे, ते मला तेव्हा कळलं नाही.

यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दगडोबा म्हातारा झाला आणि गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. माझ्या खालच्या फळीला वाळवी लागली. पाटीवरची अक्षरं उडाली, 'मनाई आहे' एवढंच राहिलं. कशाला, ते गेलं.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. नव्या जिल्ह्याला नवा उत्साह होता. मोजणीवाले साखळ्या घेऊन आले आणि त्यांनी सगळं गाव नव्यानं मोजलं. केवळाबाईचा तुकडा अतिक्रमण निघाला. कोंडवाडाही अतिक्रमण निघाला. गढीचे दगड जिथं जवळ पडतील तिथं भिंती बांधल्या होत्या आणि ती जागा गायरानातच होती. इतकी वर्षं मी ज्यांना परक्या जागेत शिरल्याबद्दल आत घेतलं, त्या सगळ्यांच्या जागेत मीच शिरलेलो होतो. भिंती पाडल्या. मला दगडांवर आडवं टाकलं. मला कुणी बोली लावली नाही. केवळाबाई आली, पंचायतीत विचारून आली, आणि म्हणाली, "मी नेते."

त्या साली पाऊस पुन्हा रुसला होता. काजळी म्हातारी झाली होती, आटली होती. नरसिंगरावांनी तिला विकली नाही, मारली नाही, फक्त दावं सोडलं. मी म्हणालो होतो, ते वाईट माणूस नव्हते. सोडलेली काजळी चालत आली आणि जिथं पूर्वी मी उभा असे तिथं, दोन मोकळ्या दगडांसमोर, येऊन थांबली. तिथं आता फाटक नव्हतं, भिंत नव्हती, हौद नव्हता. ती उभी होती. परवानगीची वाट बघत.

मला न्यायला निघालेल्या केवळाबाईनं तिला लांबून बघितलं आणि ती पळत आली. तिचेही केस पांढरे झाले होते. "काजळे," ती म्हणाली. "चल माय. आता कुणी न्हाई आडवं." तिनं गळ्याला हात लावला, दाव्याला धरून ओढलं. काजळी हलली नाही. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. केवळाबाई तिच्याजवळ बराच वेळ बसली. शेवटी उठली आणि मला उचलायला लागली. मी जड होतो. तिनं माझं एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसरं जमिनीवर घासत झोपडीकडे निघाली.

तेव्हा काजळी चालू लागली. हळूहळू, माझ्या मागोमाग. मान खाली, नाक माझ्या गुळगुळीत फळीजवळ. केवळाबाई दर थोड्या वेळानं वळून बघत होती, रडत होती आणि शेषेरावाला हाका मारत होती, "आवो, बघा, माझ्या मागं आली! वळखलं बघा मला!"

मी तिला काही सांगितलं नाही. फाटकाला बोलता येत नाही, याचा कधीतरी उपयोग होतो.

केवळाबाईनं मला झोपडीमागच्या काटेरी कुंपणाला बसवलं. काजळी माझ्या आत थंडी सुरू होईपर्यंत जगली. केवळाबाई आता आत येऊ शकत होती, तरी सकाळी बाहेरच उभी राहून फळ्यांतून हात घालायची. त्याशिवाय काजळी मान पुढे करत नसे.

ती गेली त्या सकाळी नरसिंगरावांचा गडी निरोप घेऊन आला. मेलेलं ढोर गावाजवळ पडू देऊ नका, असा निरोप होता. "मालक म्हणले, गाय तुमचीच होती. तुमीच उचला."

"हाव," केवळाबाई म्हणाली. "माझीच होती. सांग त्यास्नी." मग गडी वळल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "आन हेबी सांग, ढोरं ओढायची आमी कवाच सोडली. ही ढोर न्हाई." तिनं आणि शेषेरावानं गायरानातच, त्या तुकड्यात, खड्डा घेतला. तिथं खणायला बंदी होती. कुणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माझं सांगून झालं. फाटकं जपत जा. त्यांना वर्षातून एकदा तेल द्या, पावसात उघडी टाकू नका. आणि एखादं जनावर बाहेर उभं राहून आत येऊ का विचारत असेल, तर पाटी वाचायच्या आधी त्याच्याकडे बघा.

गावात आता नवा कोंडवाडा झाला आहे, मोजून, योग्य जागी. त्याचं फाटक लोखंडी आहे. कडी उद्घाटनाच्या आठवड्यातच गेली. सध्या ते सुतळीनं बांधतात.